खोकल्याची विद्या

"वहिनी, कोर्टात तुमचं काय नांगरायचं राहिलंय?" भुशाच्या ढिगाआडून माझे काका ओरडले. "मळणी टाकून कुठे निघालात?"

"आज साक्ष आहे, भावजी. वकीलसाहेबांनी वेळेवर यायला सांगितलंय."

"मग साहेबांना म्हणावं, वाऱ्यालाही तारीख द्या. आज सुटलाय तो उद्या सुटेलच असं नाही."

काकांचं म्हणणं खोटं नव्हतं. आमची जमीन टेकडीच्या उताराची. जोराचा पाऊस झाला की माती खालच्या शेजाऱ्याकडे जायची आणि खडे इमानाने आमच्याकडे राहायचे. त्या खड्यांतून जे चार दाणे हाती यायचे, ते उफणायला वारा लागायचाच. आईने पदर खोचला आणि उन्हं चढेपर्यंत खळ्यावर राबली. पाटी उंच धरून उभं राहायचं मानाचं काम काकांकडे, आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभं राहून भुसा सावरायचं काम आईकडे. तिच्या केसांत, कानांत, घशात भुसा भरला. मग तोंडावर पाण्याचे दोन हबके मारून ती कोर्टाच्या गावाला पळाली.

वडील गेल्यावर तिने काकांशी एक करार केला होता. ही सुगी सरेपर्यंत कोर्टातली कारकुनी टिकली तर टिकली, नाहीतर निमूटपणे खुरपं हातात घ्यायचं. आईला खुरप्याची भीती नव्हती. भीती होती ती काकांच्या "बघा, म्हणालो नव्हतो?" या वाक्याची. ते त्यांनी आधीपासूनच पाठ करून ठेवलं होतं.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आई चढली ती पायरी झाडायला. सायकलच्या दुकानाला खेटून वकीलसाहेबांची खोली होती. आत टेबल, टेबलावर कागद, कागदांवर धूळ आणि धुळीवर साहेबांचा चष्मा. तिथले जुने कारकूनकाका दाराशी बसून तिला झाडताना पाहायचे. एक दिवस म्हणाले, "बाई, तुम्ही एकही कागद न हलवता खोली झाडता. अर्धी कारकुनी तुम्हाला येतेच. उरलेली अर्धी मी शिकवतो."

त्यांनी शिकवलं. अर्ज कसा लिहायचा, फायलीला दोरी कशी बांधायची, कोर्टातल्या कुठल्या माणसाला चहाआधी भेटायचं आणि कुठल्याला चहानंतर. रडणाऱ्या पक्षकाराला आधी पाणी द्यायचं, ओरडणाऱ्याला आधी खुर्ची. चुकलं की ते पान फाडून परत लिहायला लावायचे आणि वर म्हणायचे, "रागावू नका हो, माझ्या गुरूंनी तर माझा कान तेवढा फाडायचा बाकी ठेवला होता." आई दिवसा लिहायची आणि घरी भाकऱ्या थापताना पिठात बोटाने अक्षरं गिरवायची.

सगळं शिकवून झाल्यावर, आपली जागा तिला देऊन लेकीकडे राहायला जाण्याआधी, कारकूनकाकांनी तिला आपली ठेवणीतली विद्या दिली.

"कोर्टात वकिलाला तोंड असतं बाई. कारकुनाला नुसता घसा. साक्षीदार बिचकला की आपण मागच्या बाकावरून खोकायचं. एकदा खोकलं की त्याने म्हणायचं, आठवत नाही. दोनदा खोकलं की म्हणायचं, होय साहेब. आदल्या दिवशी तेवढं त्याच्याकडून घोकून घ्यायचं."

"आणि काका, त्याला खरंच आठवत असेल तर?"

"अहो, त्यासाठीच तर खोकला!"

आईला ते पटलं नव्हतं. पण गुरूची विद्या, आणि सुगी तोंडावर. तिने पदराला गाठ मारावी तशी ती लक्षात ठेवली.

त्या दिवशीचा खटला दोन चुलतभावांचा होता. दोघांच्या बांधावर एक बाभूळ होती. तिला खाण्यासारखं फळ नाही, तिची सावली धड एका माणसाला पुरायची नाही, काटे मात्र दोघांच्याही पायांत मोडायचे. तरी ती कोणाची, यावर दोन घरांत पाण्याचा तांब्यासुद्धा जात-येत नव्हता. थोरला आमचा पक्षकार. आमचे साक्षीदार मेंढरवाले तात्या, कारण त्यांचा जन्म त्याच बांधाकडेला मेंढरं राखण्यात गेलेला. खोकल्याच्या दोन्ही खुणा आईने आदल्या दिवशी त्यांच्याकडून घोकून घेतल्या होत्या.

पुढचं मी आईकडून ऐकलं आहे आणि अर्ध्या गावाकडूनही. फरक इतकाच, की गाव सांगतं तेव्हा तात्या जास्त घामाघूम होतात.

तात्या पिंजऱ्यात उभे राहिले. वकीलसाहेबांनी ऐटीत विचारलं, "ही बाभूळ थोरल्यांच्या वडिलांनी लावली, बरोबर?"

तात्या "होय" म्हणणार, एवढ्यात मागच्या बाकावर आईच्या घशातला भुसा जागा झाला. ती खोकली. एकदाच.

"आठवत नाही," तात्या म्हणाले.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "नीट आठवा. कोणी लावली?"

आई परत खोकली.

"आठवत नाही, साहेब."

समोरचे वकील आनंदाने उठले. कोल्हा काकडीला राजी. "म्हणजे ती धाकट्यांच्या वडिलांनी लावली, असंच ना?"

आईने पदर तोंडात कोंबला. पण भुसाच तो, कोंबल्याने का थांबतो? दोन ठसके लागोपाठ आले.

"होय साहेब!" तात्या खणखणीत आवाजात म्हणाले.

मग आईला उबळच आली. तात्या इमानदार माणूस. एकही खोकला त्यांनी वाया जाऊ दिला नाही. "आठवत नाही. होय साहेब. आठवत नाही. होय साहेब, होय साहेब..."

न्यायाधीश पुढे वाकले. "अहो, तुम्हाला तुमचं नाव तरी आठवतं का?"

आई खोकली.

तात्यांनी काकुळतीने तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "आठवत नाही, साहेब."

कोणीतरी आईला पाण्याचा पेला दिला. उबळ थांबली आणि तात्यांची पंचाईत झाली. आता खुणाच येईनात. ते कठड्यावरून वाकून म्हणाले, "बाई, आता काय सांगू?"

हसू ओसरायला बराच वेळ लागला. न्यायाधीशांनी आईला आणि साहेबांना अशी तंबी दिली, की साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग ते तात्यांना म्हणाले, "आता कोणाकडेही न बघता, जे माहीत आहे तेवढंच सांगा."

"मग सांगतो," तात्या म्हणाले. त्यांना हायसं वाटलेलं दिसत होतं. "बाभूळ कोणीच लावली नाही, साहेब. मेंढरं शेंगा खातात, बी लेंडीतून पडतं, उगवतं. लावलीच असेल तर माझ्या मेंढरांनी लावली."

त्या दिवशी दोन्ही भाऊ हरले आणि मेंढरं जिंकली. दोघे भाऊ पुष्कळ काळाने एकमेकांशी बोलले, तेही तात्यांना शिव्या द्यायला.

साहेबांनी आईला पायरीवरच गाठलं. "उद्यापासून कारकुनीला येऊ नका."

घरी काका खळ्यावर वाटच बघत होते. "बघा, म्हणालो नव्हतो?" त्यांनी ते वाक्य असं म्हटलं, जणू पाहुण्यांसमोर गाणंच. आईने भिंतीला खोचलेलं खुरपं काढलं आणि धार बघितली.

संध्याकाळी कारकूनकाका आले. बातमी लेकीच्या गावापर्यंत पोचली होती. उंबऱ्यावर टेकून त्यांनी आधी पोटभर हसून घेतलं.

"काका, तुमची विद्या मातीत घातली मी."

"मातीत नाही, भुशात. आणि विद्याच तसली होती, तिला कधीतरी ठसका लागणारच होता. मी पहिल्याच खटल्यात आपली फाईल समोरच्या वकिलाच्या टेबलावर ठेवून आलो होतो. तेव्हा माझ्या गुरूंनी काय सांगितलं माहीत आहे? पडल्यावर उठायला मुहूर्त बघू नये. उद्या जा."

"कशी जाऊ? काढलंय मला."

"कारकुनीवरून काढलंय. झाडण्यावरून कोणी काढलंय का?"

काढलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आई केरसुणी घेऊन गेली. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. तिने एकही कागद न हलवता खोली झाडली आणि आली. असं बरेच दिवस चाललं. सुगी सरत आली. काकांनी तिच्या वाटणीच्या वाफ्यांना खुणाही करून ठेवल्या.

इकडे खोलीबाहेर माणसं वाढू लागली. कोर्टातली गोष्ट गावोगाव गेली होती आणि जाताना तिने अंग धरलं होतं. साहेबांकडे एक बाई आहे, ती खोकली की भलाभला माणूस स्वतःचं नाव विसरतो! लोक पायऱ्यांवर बसून कुजबुजत, "त्या खोकणाऱ्या बाई याच का?"

एका जाडजूड शेतकऱ्याने तर केरसुणीपुढे हात जोडले. "बाई, आमच्या मेव्हण्याला वाटणीचं तेवढं विसरायला लावता येईल का?"

"साहेबांना विचारा," आई म्हणाली आणि त्याच्या पायाखालची धूळ झाडली.

साहेब दारात उभे राहून ऐकत होते. थोड्या वेळाने ते स्वतः खुर्ची उचलून बाहेर आले. "बाई, बसा. झालं गेलं विसरून जा."

"बसते, साहेब. पण मी आता खोकणार नाही. साक्षीदाराने जे पाहिलं तेच तो सांगेल. मी फक्त त्याचं नीट लिहून घेईन."

साहेबांनी पायऱ्यांवरच्या गर्दीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "नका खोकू. पण खोकणार नाही, हे बाहेर कोणाला सांगू नका."

त्या खुर्चीवर आईची हयात गेली. परीक्षा दिल्या, एकीत नापास झाली, परत बसली. कितीतरी मुलींना तिने हाताखाली घेतलं, पानं फाडून परत लिहायला लावली. कोर्टात जाताना मात्र तोंडात लवंग धरायची. कारण तिच्या घशाची दहशत कधी गेलीच नाही. लोक तिला आपण होऊन खरं सांगत. खोटं बोलताना बाई खोकल्या तर काय काय विसरायला होईल, याचा नेम नव्हता.

शेवटी तिला खोकल्यानेच नेलं. डॉक्टर म्हणाले, छातीत जुनी धूळ आहे. खळ्यावरची की फायलींवरची, हे त्यांना सांगता आलं नाही.

भेटायला आलेल्या माणसांनी अंगण भरलं. मधोमध काका बसले होते. "वहिनींना कोर्टात मीच धाडलं हो. म्हटलं, मळणी काय, होत राहील. तुम्ही जा, नाव काढा." माणसं माना डोलवत होती. काकांना आणखी जोर चढला. भिंतीला टेकलेल्या, आता फार थकलेल्या तात्यांकडे ते वळले. "तात्या, तुम्ही सांगा. तुमच्या साक्षीच्या दिवशी वहिनींना वेळेवर कोणी पाठवलं? मीच ना?"

मी चहाचं ताट घेऊन दारात उभी होते. सकाळपासून घशात काहीतरी अडकलं होतं, ते तेव्हा वर आलं. मी खोकले. एकदाच.

तात्यांनी भिंत सोडली, ताठ बसले, माझ्याकडे पाहून हात जोडले.

"आठवत नाही," ते म्हणाले.

काकांनी मुकाट्याने चहा उचलला. मी आत गेले आणि फळीवरच्या आईच्या डबीतली एक लवंग तोंडात टाकली.