आप्पांच्या ओठांवरचं गाणं

सुरतेतल्या उधन्याच्या त्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खात्यात एकही बेसूर माणूस सापडायचा नाही, कारण तिथं कोणाचं गाणं कोणाला ऐकूच येत नाही. बहात्तर लूम एकदम चालू असले की कानाशी कोणी शंख फुंकला तरी पत्ता लागत नाही. त्यामुळे जो तो गातो, आणि घसा फोडून गातो. नवा माणूस पहिले पंधरा दिवस बावचळतो, मग त्यालाही कंठ फुटतो. बोलायचं असलं तर हातानं खुणा करायच्या आणि समोरच्याचे ओठ वाचायचे. ही विद्या कोणी शिकवत नाही, पोट शिकवतं.

नूतन अकरा वर्षं कांडीच्या मशीनवर होती. धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरायचं हे तिचं काम. तिची जागा कोपऱ्यातली, पण तिथून पहिल्या रांगेतले सगळे कारागीर समोरून दिसायचे. त्यामुळे कोणाला कसलं गाणं लागतं हे तिला त्यांच्या बायकांपेक्षा जास्त माहीत. लखनला हळदीतली डीजेची गाणी, तीही खांदे उडवत. दीपकला प्रेमभंगाची हिंदी गाणी. बिचाऱ्यानं प्रेम कधी केलं नव्हतं, भंगाचीच हौस फार. घडी घालणाऱ्या शोभाबाई बाराही महिने आरत्या म्हणायच्या, गणपती असोत नसोत.

मध्येच लाईट जायची. बहात्तर लूम एका दमात गप्प व्हायचे आणि ज्याचं तोंड चालू असेल त्याचा आवाज भर खात्यात उघडा पडायचा. असा जो सापडेल त्यानं ते गाणं सगळ्यांसमोर पुरं करायचं, हा खात्याचा रिवाज. एकदा लखन नेमका नवरीला उचलून नेण्याच्या ओळीवर सापडला, आणि तेव्हाच शेठ दारात उभे. लखननं ओळ पुरी केली, पण कान धरून.

शालिग्रामआप्पा मात्र कधी म्हणजे कधी सापडले नाहीत. चाळीस वर्षं लूमवर काढलेला माणूस, दिवसभर ओठ हलत असायचे, पण दिवा नुसता मिणमिणला तरी आप्पांचं तोंड मिटलेलं. लोक म्हणायचे, आप्पा मोठे सावध. आप्पांचा आवाज कसा आहे हे उभ्या खात्यात कोणाला ठाऊक नव्हतं.

नूतनला त्यांच्या एका गाण्यानं धरून ठेवलं होतं. आप्पा तशी पाच-पंचवीस गाणी म्हणायचे, पण हे एक वेगळं होतं. ताण्याचं सूत तुटत नसलं, त्यांच्याकडचे चारही लूम सुरळीत चालू असले, की आप्पा दोन पावलं मागं सरकायचे, हात पाठीशी बांधायचे आणि हे गाणं म्हणायचे. पहिली ओळ वाचायलाच तिला चार महिने लागले. मग एकदा चहाच्या सुट्टीत तिनं सरळ विचारलं. आप्पांनी ते अहिराणी शब्द सांगितले, पण हिशेबाचे आकडे सांगावेत तसे, कोरडे:

तापीमाय, तू व्हय पुढे, मी येस तुन्हा मांगे,
तुन्हासाठे समिंदर जागे, मन्हासाठे कोन जागे?

पुढं आणखी दोन कडवी होती. तीही त्यांनी सांगितली. नूतन म्हणाली, "आप्पा, चाल बी सांगा ना."

"चाल खात्यामा शे, माय," आप्पा म्हणाले. "बाहेर नही निंघत." आणि कप ठेवून उठले.

नूतन अमळनेरकडची. तापीकाठच्याच मुलखातून तापीमागोमाग सुरतेत आलेली. त्या दोन ओळी तिला कोणीतरी तिच्याच पोटातून काढल्यासारख्या वाटल्या. त्याच वर्षी तिचे वडील गेले. गाडी उशिरा पोहोचली, तोंडही दिसलं नाही. तेरावं उरकून ती परत मशीनवर बसली. समोर आप्पांचे ओठ हलले, 'मन्हासाठे कोन जागे', आणि तिला रडू फुटलं. खात्यात रडायला बरं असतं. मोठ्यानं रडलं तरी चालतं.

त्या दिवशी रडता रडताच तिनं त्या शब्दांना एक चाल लावली. लांबवलेली, ओळीच्या शेवटी खाली उतरणारी. तीच म्हणून तिनं पुढं लेकीला, वृषालीला, निजवलं. पोर दहा वर्षांची झाली, आता घरात गुजरातीत बोलते, पण ताप आला की म्हणते, "मम्मी, तापीवाळुं गा." नूतन गायची, आणि प्रत्येक वेळी तिला खुपायचं, की ही खरी चाल नव्हे. माप न घेता ब्लाऊज शिवावा तसं आपण आप्पांचं गाणं शिवलंय. खरं गाणं त्या माणसाच्या छातीत आहे, रोज दहा हातांवर वाजतंय, आणि आपल्याला ऐकू येत नाही.

मग बातमी आली की आप्पा लूम सोडून दोंडाईच्याकडं गावी जाताहेत, कायमचे. मुलानं घर बांधलं होतं, आप्पांच्या बायकोच्या, भागीरथीकाकूंच्या, गुडघ्यांना चाळीतला जिना झेपत नव्हता. सोमवारची गाडी. नूतनला माणूस जाणार याचं दुःख होतंच, पण खोटं कशाला सांगा, गाणं जाणार याचं जास्त होतं. ती नवऱ्याला म्हणाली, "एकदा, फक्त एकदा मला ती खरी चाल ऐकायचीय. नाहीतर जन्मभर चुकीचं गात बसेन." संदीप मिलमध्ये रंगखात्यात. तो म्हणाला, "मग विचार. लाजतेस काय?"

रविवारी दुपारी भागीरथीकाकूंनी खात्यातल्या लोकांना वरण-बट्टीला बोलावलं. खोली दहा बाय बारा, माणसं सोळा. अर्धं सामान बांधून झालेलं, त्याच गाठोड्यांवर लोक बसले. काकूंच्या हाताला चव अशी की लखन अकराव्या बट्टीपर्यंत गप्प होता. जेवणं झाल्यावर मात्र तो उठला आणि त्यानं जाहीर केलं, "आज खात्यानी लाईट गयी! जो तो सापडना!"

मग काय, गाणी सुरू झाली. दीपक डोळे मिटून प्रेमभंगाचं गायला, इतका मनापासून, की शोभाबाईंनी त्याच्या लग्नाचं मनावर घ्यायचं कबूल केलं. शोभाबाईंनी आरती म्हटली. सवयीनं सगळे उभे राहिले आणि परत बसले. ज्यांना अकरा वर्षं नुसतं पाहिलं त्यांचे आवाज नूतन आज ऐकत होती. लखनचा आवाज तर किती गोड! त्या भसाड्या गाण्यांखाली असा गळा असेल असं कोणाला वाटलं असतं?

शेवटी सगळ्यांच्या माना आप्पांकडं वळल्या. आप्पांनी हात जोडले. "माले नका सांगू."

"आप्पा, तापीमाय म्हना," नूतन म्हणाली. "मी अकरा साल वाट देखी ऱ्हायनू. तुम्ही जाशात, मंग कोन सांगी माले?"

आप्पांनी घसा खाकरला, तोंड उघडलं, मिटलं. कपाळाला घाम आला. मग ते हळूच म्हणाले, "तुले शब्द पाठ शेत. पहिले तू म्हन."

नूतनला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्याचं गाणं त्याच्याच पुढ्यात, चुकीच्या चालीत! पण वृषाली मांडीला रेलून बसली होती. ती म्हणाली, "गा ने, मम्मी." आणि नूतनला वाटलं, चुकलं तर आप्पा तरी सुधारतील. या निमित्तानं खरी चाल कळेल. ती आप्पांच्या डाव्या बाजूला सरकली, कारण उजव्या कानानं त्यांना कमी ऐकू यायचं, आणि तिनं सुरुवात केली.

ती गायली ती वडिलांसाठी गायल्यासारखी. तापीमाय पुढं जात राहिली, मागं कोणीतरी एकटं चालत राहिलं. तिन्ही कडवी झाली. शोभाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. आप्पांच्या पांढऱ्या मिशांवरून पाणी ओघळत होतं आणि त्यांना पुसायचं भान नव्हतं.

"आप्पा, चुकनं का?" तिनं भीत भीत विचारलं.

"तुन्हं नही, मन्हं चुकनं," आप्पा म्हणाले. "चाळीस साल मी चुकीनी चाल म्हनत ऱ्हायनू. तू तिकडनीच ना, अमळनेरनी? तुले खरी चाल गावमा सापडनी, अन मी तुन्हा समोर रोज..."

नूतनला काही उलगडेना. "पण आप्पा, गाणं तर तुमचं!"

"मन्हं कथानं!" आप्पा म्हणाले, आणि चाळीस वर्षांत कोणाला न सांगितलेली गोष्ट त्यांनी भरल्या खोलीत सांगितली. ते नवीन आले तेव्हा शेजारच्या लूमवर शहाद्याकडचा चिंधा म्हणून कारागीर होता. हे गाणं तो म्हणायचा. आप्पांनी ते त्याच्या ओठांवरून उचललं, शब्दन् शब्द. चाल विचारीन विचारीन म्हणता चिंधा गावी गेला आणि तिकडंच वारला. मग आप्पांनी आपली मनानंच एक चाल लावली. आणि तेव्हापासून धाक, की खात्यात सगळे खान्देशी. लाईट गेली, आवाज उघडा पडला, आणि कोणीतरी खरी चाल जाणणारा हसला तर? म्हणून दिवा मिणमिणला की तोंड बंद.

नूतनला हसू आलं, मग हसता हसता डोळे भरले. "आप्पा, माले कथाईन ठाव ऱ्हाई? मी बी तुमना ओठ देखीसनच शिकनू. हाई चाल मन्हीच शे, मनानी. मन्हा बाप गया त्या साले लायी."

आता आप्पांची मिशी थरथरली. "मंग खरी कोनती?"

याला उत्तर द्यायला भागीरथीकाकू पुढं आल्या. त्या गुडघा धरून चुलीशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "खरी चिंधासंगे गयी. आते तुमले चुकनं म्हनाले कोन शे? मी बी चाळीस साल व्हई ग्यात, ह्या मानूसना गळा ऐकेल नही. म्हना गुमान!"

काकूंपुढं आप्पांचं काही चालत नसे, हे सगळ्या उधन्याला माहीत. आप्पा उठून उभे राहिले. दोन पावलं मागं सरकायला खोलीत जागा नव्हती, एकच सरकले. हात पाठीशी बांधले. पायानं जमिनीवर ठेका धरला, लूमचा ठेका, ठकाठक ठकाठक. आणि गायला लागले.

नूतन बघतच राहिली. आवाज फाटका होता, वरच्या सुराला चिरकत होता. पण चाल! चाल उड्या मारत होती. 'तापीमाय, तू व्हय पुढे' म्हणताना आप्पा नदीला जणू हाकारत होते, चल, पळ, मी आलोच. 'मन्हासाठे कोन जागे' ही ओळ तर त्यांनी अशी मिस्किल फिरवली, की भागीरथीकाकूंनी साठाव्या वर्षी पदराआड तोंड लपवलं. कोण जागतं ते गाण्याला चांगलं ठाऊक होतं.

ज्या गाण्यावर ती इतकी वर्षं रडली होती, ते गाणं तो माणूस आनंदानं म्हणत होता. चारही लूम नीट चालले की म्हणत होता, कापड चांगलं उतरलं की म्हणत होता. आपण त्याच्या ओठांवर आपलं दुःख वाचत राहिलो. तिला वाटलं होतं, खरी चाल ऐकली की आपली खोटी पडेल. तसं काही झालं नाही. तिला या म्हाताऱ्याचं एवढं कौतुक वाटलं, की छातीत मावेना. कोणी ऐकत नसताना, शाबासकीची आशा नसताना, उलट पकडलं जाण्याची धास्ती बाळगून, चाळीस वर्षं हा माणूस एवढं सुंदर गाणं रोज गात आला होता.

"मम्मी, आ तो गरबा जेवुं छे!" वृषाली ओरडली आणि उठून टाळ्या देत नाचायला लागली. लखननं ताट वाजवायला घेतलं. दहा बाय बाराच्या त्या खोलीत सोळा माणसं गाठोडी तुडवत टाळ्या देऊ लागली.

गाणं संपलं तेव्हा आप्पा धापा टाकत होते आणि लाजेनं लाल झाले होते. त्यांनी नूतनकडं पाहिलं. "माले ठावच नव्हतं माय, हाई गानं रडाना बी शे."

"अन माले ठाव नव्हतं, हाई हसाना शे," नूतन म्हणाली. तिनं पदरानं डोळे कोरडे केले आणि मांडी घालून त्यांच्या समोर नीट बसली, थेट ओठांसमोर. "आप्पा, आखो एकदाव म्हना. माले उतारी लेऊ द्या."