न जळणारा पत्रा

"पृथ्वीला तारणारं द्रव्य अखेर सापडलं आहे, आणि ते आपल्या कोल्हापुरात सापडलं आहे!" असं अरिहंत सरांनी कॉलेजच्या सभागृहात जाहीर केलं, तेव्हा ते द्रव्य सभागृहाच्या दारात पडलेलं होतं. शिपायानं पायपुसणं समजून ते तिथं टाकलं होतं, आणि आत बसलेल्या सगळ्यांनी, सरांसकट, त्यावर पाय पुसले होते.

द्रव्य म्हणजे क्रांतीचा पत्रा. पोरगी गडमुडशिंगीची, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. ऊस तोडल्यावर फडात उरणारं वाळकं पाचट तिनं बारीक केलं, गुऱ्हाळात रसातली मळी काढायला वापरतात त्या रानभेंडीच्या चिकट पाण्यात कालवलं, आणि दाबून पत्रे पाडले. प्रयोगशाळेत खाली बर्नर धरला, तर पत्रा नुसता फुसफुसला, पेटला नाही. तिचा प्रकल्प बघणाऱ्या अरिहंत सरांनी त्याच दिवशी अहवालात 'अग्निरोधक' हा शब्द घातला. शब्द चांगला वजनदार होता. पत्राही वजनदार होता. शंका खरं तर तेव्हाच यायला हवी होती.

क्रांतीला शब्दाचं कौतुक नव्हतं. गेल्या साली शेजारच्यांनी फडातलं पाचट पेटवलं, ठिणगी यांच्या गोठ्यावर आली आणि म्हशीचं रेडकू दाव्यालाच जळालं. तेव्हापासून तिची आई, धोंडुबाई, म्हैस उघड्यावर बांधायची. नवीन गोठा झाला, तरी छपराखाली न्यायला तिचा हात धजत नव्हता. शेवटी पोरीचेच पत्रे वर चढले.

"आता न्हाय न्हवं जळायचं?" आईनं विचारलं.

"न्हाय गं. सरांनी लिवलंय की."

म्हैस आत गेली.

प्रकल्पाच्या परीक्षेसाठी प्रयोगशाळेत ठेवलेल्या पत्र्यांना तेवढा कुबट वास सुटला होता. म्हणून क्रांतीनं ते सयाजीमामाच्या गुऱ्हाळात, रस उकळायच्या भट्टीच्या, चुलवाणाच्या, उबेला नेऊन ठेवले. परीक्षेच्या आदल्या दिवशी आणायला गेली, तर एकच शिल्लक. चुलवाणात जाळ घालणाऱ्या आकारामनं उभ्या हयातीत समोर वाळलेलं चिपाड दिसलं की आत सारलं होतं. पत्र्यांवर काही नाव लिहिलेलं नव्हतं.

"क्रांते, लई भारी जळण हाय गं तुझं!" तो खुशीत ओरडला. "कापरागत पेटलं! रसाची काहील उतू जायला आलती. कुठनं आणलंस?"

क्रांतीनं उरलेल्या पत्र्याचा कोपरा निखाऱ्याला लावला. हात मागं घ्यायच्या आत त्यानं पेट घेतला. कसाबसा विझवून ती खाली बसली. पत्रा अग्निरोधक नव्हता. ओला होता. प्रयोगशाळेत त्याची जागा बेसिनच्या शेजारी होती. आणि गोठ्यावरचे पत्रे आठवडाभर कडक उन्हात होते.

तिनं सरांना फोन लावला. "सर, वाळला की जळतोय."

सरांनी पलीकडं दार लावून घेतलं. मग म्हणाले, "मग वाळवतेस कशाला? उद्या बाहेरचे परीक्षक येणार आहेत. पाणी मारून आण."

घरी येऊन ती शिडी लावून गोठ्यावर चढली आणि एकेक पत्रा खाली टाकू लागली. आई पदराला हात पुसत बाहेर आली. वर बघितलं, खाली पडलेले पत्रे बघितले.

"म्हस भाईर बांधू?"

"बांध."

एवढंच. आईनं दोन शिव्या हासडल्या असत्या, तर क्रांती धडपणे जेवली तरी असती.

दुसऱ्या दिवशी परीक्षेत सरांनी पडद्यावर 'अग्निरोधक' झळकवलं. क्रांतीनं पत्रा टेबलावर एका ताटात ठेवला आणि काडी ओढली. ज्वाळ हातभर वर गेली.

"ह्यो जळतोय, सर," ती परीक्षकांना म्हणाली. घाबरली की तिची पुस्तकी भाषा पहिली पळायची. "ओला हुता म्हणून वाचला. त्यो शब्द खोटा हाय. गोठ्यावरचे सगळे मी काल उतरवलेत. मार्क काय द्यायचे ते द्या."

अरिहंत सरांनी छताकडं बघितलं. छत सिमेंटचं होतं.

परीक्षक सांगलीचे, वयस्कर. त्यांनी चष्मा काढला. वाकून जाळ निरखला. राख चिमटीत घेऊन चोळली. आता काय फैसला येतो म्हणून क्रांतीनं डोळे मिटून घेतले.

"बाळ," परीक्षक खाकरून म्हणाले, "ते गोठ्यावरनं उतरवलेले... त्यातले चार मिळतील का? आमच्याकडं अजून अंघोळीचं पाणी तापवायचा बंब आहे, आणि सकाळी पेटता पेटत नाही."