हलके गेम

दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त करणं हा त्याचा धंदा, म्हणून सगळे त्याला काटेवाला म्हणत. स्वभाव बघता दुसऱ्या अर्थानंही ते नाव त्याला चपखल बसे. वस्तू कुठलीही असो, आधी तळहातावर घ्यायची, दोनदा झुलवायची आणि निकाल द्यायचा. जड असली तर चांगली. नसली तर एकच शब्द: "हलकी." चप्पल हलकी, खुर्ची हलकी, शेजाऱ्यांचा जावई हलका. आणि बायको घर सोडून गेली तेव्हापासून त्या शब्दाला त्यानं भलतीच धार लावली होती. "हलकीच होती, गेली उडून," असं तो आल्यागेल्याला सांगे. मुलगी समोर असली की जरा मोठ्यानं सांगे.

बायको काही उडून गेली नव्हती. रोजच्या टोमण्यांनी जीव विटला तेव्हा एक बॅग उचलून बाहेर पडली, दुसऱ्या शहरात नोकरी धरली आणि मुलीला न्यायला परत आली, तर यानं दारच उघडलं नाही. मग फोनचा नंबर बदलला. मुलीला तंबी दिली, की तिचं नाव काढलंस तर याद राख. बायको गेली ती गेली, पण पोरगी पूर्ण आपली राहिली पाहिजे, तिचा एक कोपरासुद्धा त्या बाईकडे जाता कामा नये, एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठी तो काहीही करायला तयार होता. प्रेम म्हणा हवं तर. तो स्वतः तसंच म्हणायचा.

मुलगी आठवीत गेली आणि शाळेचा निम्मा अभ्यास कॉम्प्युटरवर आला. घरात कॉम्प्युटर नाही. ती शेजारच्या मावशींकडे जाऊन त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर गृहपाठ करायची, आणि आताशा जरा जास्तच वेळ करायची. शेवटी एकदा जेवताना तिनं धीर केला.

"बाबा, मला लॅपटॉप लागेल. भारीतला नको. अभ्यासाला टिकाऊ हवा, बॅटरी शाळाभर पुरावी, आणि हलके गेम चालले की बास."

"हलके?" काटेवाला हसला. घास तोंडात तसाच होता. "या घरात हलकं काही टिकलंय का आजवर? एक होती, टिकली का?"

मुलगी ताटाकडे बघत राहिली. पण शब्द मागे घेतला नाही तिनं, आणि ते त्याला खटकलं. गेमसाठी एवढी चिकाटी?

तरी तो दुकानात गेला. पारख करायची संधी तो सोडणाऱ्यातला नव्हता.

दुकानदार उंच, किडकिडीत, चष्मा कपाळावर चढवून बोलणारा. काटेवाल्यानं त्याला अर्ध्या तासात मेटाकुटीला आणलं. एकेक लॅपटॉप तळहातावर घेऊन झुलवला. बिजागऱ्या दाबल्या. झाकणावर टिचक्या मारून कान लावला.

"काका, कलिंगड नाही ते," दुकानदार म्हणाला.

"कलिंगड निदान लाल तरी निघतं," काटेवाला म्हणाला. "हे सगळं पत्र्याचं. हलकं."

मुलगी मात्र तयारीनं आली होती. मेमरी किती, चार्ज किती वेळ टिकतो, कीबोर्डवर पाणी सांडलं तर काय, सुटे भाग मिळतात का, असं नेमकं विचारून तिनं एक करडा लॅपटॉप बाजूला काढला. दुकानदार खूश झाला. "गेम चालवून बघायचाय? इंटरनेट आहे, बस आणि बघ."

मुलीनं आधी बापाकडे बघितलं. बापाला काउंटरच्या टोकाला पार्सल तोलायचा काटा दिसला होता, आणि काटा दिसला की तो जगाला पारखा व्हायचा. त्यानं खिशातलं आपलं वजन काढून काट्यावर ठेवलं, काटा चुकतोय असं जाहीर केलं आणि ते दाखवायला दुकानदाराला शोधत मागे वळला.

मुलगी पाठमोरी बसली होती. तिच्या खांद्यावरून त्याला पडदा दिसला. चित्रातलं एक तळं, काठावर दोन खुर्च्या. एका खुर्चीवर पिवळी टोपी घातलेली बाई बसली होती. लाल फ्रॉकमधली एक छोटी मुलगी पळत तिच्याकडे गेली, तशी ती बाई उठून उड्या मारायला लागली. खाली अक्षरं उमटली.

"गुंडी! आज या वेळेला कशी? जेवलीस का?"

गुंडी. त्या नावानं मुलीला एकच बाई हाक मारायची, तिची आई.

मुलीची बोटं भराभर चालली. "दुकानात आहे. बाबा लॅपटॉप घेऊन देतायत मला. आता रोज येईन. मावशींकडे जायला नको."

मग आलं: "बाबांना माझ्याकडून थँक्यू सांग." आणि लगेच: "नको नको. सांगू नकोस."

लाल फ्रॉकवाली दुसऱ्या खुर्चीत बसली. दोघी तळ्याकडे बघत राहिल्या. एवढाच तो गेम. मारामारी नाही, शर्यत नाही, काही नाही.

काटेवाल्यानं सगळं वाचलं. इतके दिवस आपण दाराला कडी घालून बसलो आणि या दोघी खिडकीतून गप्पा मारत होत्या! आपल्या नाकासमोर, शेजारणीच्या घरात, अभ्यासाच्या नावाखाली! तो आवाज न करता मागे सरकला, पुन्हा काट्यापाशी जाऊन उभा राहिला आणि मुलीनं गेम बंद करेपर्यंत काट्याकडे बघत बसला. आकडा काय दिसतोय हे त्याला कळत नव्हतं.

मग त्यानं मुलीला समोरच्या भिंतीवरच्या बॅगा बघायला पाठवलं आणि दुकानदाराला कोपऱ्यात घेतलं.

"अभ्यास होईल, पण असले गेम चालणार नाहीत, असा दाखवा."

दुकानदारानं चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "काय चालतं ते सगळे विचारतात, काका. काय चालणार नाही ते विचारणारे तुम्ही पहिले."

"आहे का नाही?"

होता. शाळांना घाऊक जातो तो. कडेनं जाड रबर, आपटला तरी फुटायचा नाही, बॅटरी दिवसभर. त्यात अभ्यासाचं तेवढं चालतं. बाहेरचं काही घालायला गेलं तर घेतच नाही. काटेवाल्यानं तो तळहातावर घेतला आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा खुलला. चांगला जड होता.

"पण मुलीनं तो करडा पसंत केलाय," दुकानदार चाचरत म्हणाला.

"घेणारा कोण आहे?"

दुकानदारानं करडा लॅपटॉप उचलून ठेवला. मुलगी परत आली तेव्हा टेबलावर दोन लॅपटॉप मांडलेले होते, एक निळा, एक काळा. आतून दोन्ही एकच. काटेवाला गोड आवाजात म्हणाला, "तो करडा हलका गं. हे बघ, हे टिकाऊ. यातला कुठला ते तू ठरव. तुझ्याच पसंतीचा घेऊ."

मुलीनं दोन्हींवरून हात फिरवला. "यावर हलके गेम चालतील ना?"

"चालतील की! काय हो?"

दुकानदार खोक्याला चिकटपट्टी लावत होता. त्या खोक्याला चिकटपट्टीची काही गरज नव्हती. तो ती लावतच राहिला, आणि मुलीनं निळा निवडला.

घरी जाताना रस्ता ओलांडायच्या वेळी तिनं बापाचा हात धरला. कित्येक महिन्यांत धरला नव्हता. "थँक्यू, बाबा," ती म्हणाली आणि पलीकडे पोचल्यावरही तिनं हात सोडला नाही. काटेवाल्याला बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण खोटं कशाला सांगा, त्याला फार बरं वाटलं.

घरी आल्याआल्या ती लॅपटॉप घेऊन खोलीत बसली. तो स्वयंपाकघरात भांडी विसळायच्या निमित्तानं कान देऊन उभा. आधी उत्साहानं बोटं वाजली. मग थांबली. मग पुन्हा तेवढीच वाजली आणि पुन्हा थांबली. असं बराच वेळ चाललं.

"बाबा," ती दारात आली. "हा बिघडलेला आहे का हो? 'या संगणकावर हे चालू शकत नाही' असं येतंय."

"बिघडलेला कसा असेल? पारखून घेतलाय. आणि तू निवडलास ना?"

"उद्या दुकानात जाऊन बदलून आणू या? तो करडा होता ना, त्यावर चाललं होतं. मी चालवून बघितलं होतं."

"बदलून मिळत नाही."

"मग मी गेमपुरतं मावशींकडे..."

"मावशींना सांगणार आहे मी. यापुढे तू तिकडे जायचं नाही. घरात आहे ना आता?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही म्हणाला होतात चालतील म्हणून! बाबा, मला रोज जायचंय तिथे. मी सांगितलंय."

इथे तो गप्प बसला असता तर निभावलं असतं. मुलगी दुकानदाराला शिव्या देत झोपली असती. पण जिंकल्यावर गप्प बसणं त्याच्या रक्तात नव्हतं.

"अभ्यास कर गुमान," तो म्हणाला. "बसू दे तिला एकटीला तळ्याकाठी. मरत नाही काही."

मुलीचं रडणं तिथल्या तिथे थांबलं. तळ्याबद्दल तिनं या घरात कधी चकार शब्द काढला नव्हता. ती बापाकडे बघत राहिली, अगदी तो काट्याकडे बघायचा तशी, आकडा स्थिर होईपर्यंत. मग आत गेली आणि लॅपटॉपचं झाकण हलक्या हातानं मिटलं.

त्यानंतर तिनं हट्ट केला नाही, भांडली नाही, रुसलीसुद्धा नाही. लॅपटॉप अभ्यासापुरता होता, म्हणून तिनं अभ्यासच केला. शाळेतून आली की बसायची ती जेवायला हाक मारेपर्यंत. बापाशी बोलायची ते "हो", "नाही" आणि "झालं". पहिला नंबर यायला लागला तसा काटेवाला गल्लीभर मिरवायला लागला. "यंत्र असावं तर असं! एकदा जिन्यावरून पडलं, ओरखडासुद्धा नाही. मी निवडलंय." घरात शांतता होती आणि पोरगी कुठेही जात नव्हती. हवं ते सगळं मिळालं होतं. रात्रीच्या जेवणाला समोर बसलेली मुलगी आपल्याकडे बघत नाही, हे त्याच्या लक्षात येत होतं. तो ते अभ्यासाच्या ताणावर ढकलायचा.

बारावीला तिला इतके मार्क पडले, की शिष्यवृत्ती चालून आली. कॉलेज तिनं निवडलं ते आईच्या शहरातलं. काटेवाला आरडाओरडा करायला उठला, पण मुलगी अठरा वर्षांची झाली होती, आणि तिला त्याच्याकडून काहीच नको होतं. ओरडायचं तरी कशाच्या जोरावर?

निघायच्या दिवशी तिनं एकच बॅग भरली. निळा लॅपटॉप त्याच्या कामाच्या टेबलावर, काट्यावरच नेऊन ठेवला. काट्यानं इमानदारीत वजन दाखवलं.

"हा तुम्हाला. अजून ठणठणीत आहे."

"तुला नको? अभ्यासाला?"

"तिथे मिळणार आहे दुसरा."

बॅग उचलून ती दारापर्यंत गेली तेव्हा त्याचा आवाज कधी नव्हे तो खाली आला. "पोरी, फोन करशील ना?"

ती वळली. किती वर्षांनी हसली त्याच्याकडे बघून.

"फोन कशाला, बाबा? तळ्याकाठी या. खुर्ची मांडून ठेवते."

"ते... यावर चालतं का?"

"तुम्हीच पारखून घेतलाय ना?" ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

आठवडाभर त्यानं वाट बघितली. मग फोन लावला. पलीकडून एक बाई सांगत होती, की हा क्रमांक अस्तित्वात नाही. ती युक्ती त्याचीच होती, त्यामुळे दुसऱ्यांदा लावून बघायची गरज नव्हती. कॉलेजात चौकशी केली, तर विद्यार्थिनीच्या परवानगीशिवाय काही सांगता येत नाही म्हणाले.

शेवटी तो दुकानात गेला. दुकानदाराचे केस पिकले होते, चष्मा अजून कपाळावरच. त्यानं काटेवाल्याला ओळखलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

"काय हवं, काका?"

तोंडून शब्द काढणं काटेवाल्याला फार जड गेलं. "लॅपटॉप. हलके गेम चालतील असा."

"चालतील की, कशावरही चालतात. कुठला गेम खेळणार?"

नाव काटेवाल्याला माहीत नव्हतं. त्यानं ते कधी विचारलंच नव्हतं.

"तळं आहे," तो म्हणाला. "काठावर दोन खुर्च्या."

"काका, तळं काय, शंभर गेममध्ये असतं. नाव सांगा. लेकीला विचारा ना फोन करून." दुकानदार काउंटरवर आलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. "नाव कळलं की या."

काटेवाला जागचा हलला नाही. टेबलावर लॅपटॉपची रांग होती. त्यानं एकालाही हात लावला नाही.

"दोन नाही," तो दुकानदाराच्या पाठीला म्हणाला. "तीन असतील आता. तिनं मांडून ठेवली असेल."