नळी निघाल्यावर

मण्यार चावली आणि सोमलाचा श्वासच थांबत आला. किन्हीराजाजवळच्या तांड्यावरून त्याला वाशीमच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा डॉक्टरांनी घशात नळी घालून त्याला यंत्रावर ठेवलं. बऱ्याच दिवसांनी ती नळी निघाली. सोमलाने डोळे उघडून बायकोकडे पाहिलं, आणि ललिताबाईला वाटलं, आता सुटलो.

पण त्याला पाणी गिळता येईना. घोटभर दिलं की ठसका लागे आणि आवाज घरघरायला लागे. गिळण्याचे उपचार करणाऱ्या नाजिश मॅडम त्यांच्याच मालेगाव तालुक्यातल्या. त्यांनी नीट तपासलं.

"इतके दिवस नळी होती, त्यानं गळा कमजोर झाला," त्या म्हणाल्या. "पाणी पोटात जायच्या ऐवजी छातीत उतरून राह्यलं. मी सांगेपर्यंत तोंडानं काहीच द्यायचं नाही."

नाकातून पोटात बारीक नळी घातली. तिच्यातून दूध जाई, पेज जाई. तहान मात्र जात नसे. "ललिता, एक घोट दे ना," सोमला बसक्या आवाजात म्हणायचा. ललिताबाई ओल्या कापसाने त्याचे ओठ पुसायची आणि तोंड फिरवून घ्यायची.

अशातच सोमलाची आई हिरीबाई पोहरादेवीहून तीर्थ घेऊन आली. घरात सारे तिला याडी म्हणत. तिने चमचा भरला, सोमलाने आ केला. ललिताबाईने सासूचा हात धरला. लग्न झाल्यापासून ती सासूला कधी उलट शब्द बोलली नव्हती.

"याडी, नका."

"काहून? मायच्या हातचं पानी पोराले बाधते का?"

"आता बाधते. छातीत गेलं तर पुन्हा मशीनवर जातीन ते." ललिताबाईने हात सोडला नाही. "त्यायच्या कपाळाले लावा."

हिरीबाईने तीर्थाचं बोट लेकाच्या कपाळाला लावलं आणि कोपऱ्यात जाऊन बसली.

मॅडमनी व्यायाम शिकवले होते. जीभ बाहेर काढायची, टाळूला दाबायची, जोर लावून आवंढा गिळायचा. सोमला कंटाळायचा. "लहान पोर समजते का मले?" म्हणून त्याने एकदा तोंड मिटूनच घेतलं. तेव्हा कोपऱ्यातून हिरीबाई उठली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिने स्वतःची जीभ लांब बाहेर काढली. सोमलाला हसू फुटलं. मग मायलेक रोज समोरासमोर बसून जिभा काढू लागले.

एका सकाळी मॅडमनी घोटलेलं घट्ट दही चमच्याच्या टोकावर घेतलं. "हनवटी छातीकडे घ्या. आता गिळा."

सोमलाच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. सगळे ठसक्याची वाट पाहत राहिले. ठसका आला नाही.

"आ म्हणा."

"आ." आवाज कोरडा होता, स्वच्छ.

मॅडमनी दुसरा चमचा भरला. "पाण्याले अजून वेळ आहे. पण गाडी रुळावर आली."

ललिताबाई व्हरांड्यात येऊन बसली. मागोमाग हिरीबाई आली, फडक्यातली भाकर सोडली, तुकडा मोडून सुनेच्या हातात ठेवला.

"खाय," ती म्हणाली. "सकाळपासून तुह्या पोटात कायी नाही."