आकाशातून आलेलं सूप आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी वेताची टोपली आहे, आणि आज मी चक्क आकाशातून आलेलं गरमागरम सूप झेललं! माझ्या काड्या अजून थरथरताहेत. पण थांबा, पहिल्यापासून सांगते.

एका विणकर बाईनं मला ओल्या वेतातून घडवलं. माझ्या मालकांनी, म्हणजे बाबांनी, मला घरी आणलं आणि माझ्या कडीला दोर बांधला. बाबा इमारती रंगवायचे. उभा जन्म दोरावर लटकून काढलेला माणूस! चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून ते मला खाली सोडत. तळमजल्यावर खानावळवाल्या मावशी माझ्यात गरम डबा ठेवत आणि दोराला एक झटका देत. बाबा वरून झटक्यानंच उत्तर देत, म्हणजे 'कळलं, ओढतो!' दोरावर काम करणाऱ्यांची ही बोलीच. "बाबांची टोपली म्हणजे एक थेंब सांडायचा नाही," असं मावशी साऱ्यांना सांगत. मी फुगून जाई.

मग खानावळ पुलापलीकडे गेली आणि मी खिळ्यावर. माझ्यात कपड्यांचे चिमटे आले, कोळ्यानं जाळं विणलं. कुणी ढुंकून पाहीना.

यंदा बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यात लिफ्ट बंद. मुलगा परगावी कामाला. घरात सूनबाई आणि त्यांची रांगती ठमी. मावशींचा डबा आणायला ठमीला टाकून पुलापलीकडे जाता येईना, काखेत घेऊन डबा चढवता येईना. सूनबाई रडकुंडीला आल्या. तेवढ्यात बातमी आली, मावशींचं जेवण आता ड्रोननं येणार!

इमारतीत नुसता कल्ला झाला.

"सूप पोचेपर्यंत बर्फ होईल!"

"आणि मी टॉवेलवर असताना खिडकीशी आला म्हणजे?"

"तुम्हाला बघून तोच पळेल, काका!"

सूनबाई मात्र हसल्या नाहीत. "पातं पोरीला लागलं तर? डबा सुटून खालच्या मुलांच्या डोक्यात पडला तर?"

शेवटी ठरलं, एकदा आणून बघायचं. काही बिघडलं तर ड्रोन कायमचा बंद. गॅलरी सूनबाईंची, गरजही त्यांनाच, भीतीही त्यांनाच.

आज दुपारी सूनबाईंनी ठमीला आतल्या खोलीत ठेवून कडी लावली, दोनदा ओढून पाहिली. मग मला खिळ्यावरून काढलं, जाळं झटकलं आणि बाबांच्या रंगकामाच्या बांबूला घट्ट बांधलं.

"ताई, डबा थेट हातात येतो. टोपली कशाला?" अंगणातून ड्रोनवाला ओरडला.

"असू दे हो. माझ्या जिवाला बरं!"

आणि आला की! भुंग्यासारखा घोंघावत तो उंचावर थांबला. पातळ दोरीला लटकून डबा खाली येऊ लागला. खाली मुलं माना वर करून टाळ्या पिटत होती. सूनबाईंनी मला डब्याखाली धरलं. डबा थांबला, दोरीला हिसका बसला.

झालं! कठड्याशी खुर्ची टाकून बसलेल्या बाबांचा हात सवयीनं वर गेला आणि त्यांनीही दोरीला सणसणीत झटका दिला.

"अहो, ओढू नका!" ड्रोनवाला किंचाळला. "दोरी अडकली असं समजून ड्रोन ती सोडून देतो!"

सुटलीच दोरी! डबा धपकन माझ्यात पडला. माझी एक काडी कडाडली, बांबू वाकला. पण सूनबाईंची मूठ सुटली नाही. दोरी मात्र बाबांच्या डोक्यावर मुंडाशासारखी गुंडाळली गेली.

सूनबाईंनी आधी वाकून खालची मुलं पाहिली, मग डबा उघडला.

"गरम आहे, बाबा! थेंबभरही सांडलं नाही!"

"मी फक्त 'कळलं' म्हटलं गं त्याला," बाबा पुटपुटले. सारी इमारत खो-खो हसली.

"मग काय, बंद करायचा?" कुणीतरी विचारलं.

"मुळीच नाही!" सूनबाई म्हणाल्या. "येऊ दे रोज. पण प्रत्येक गॅलरीत टोपली हवी. आणि तो उतरताना खाली एकही मूल नको."

"आमच्यासाठीही एक टोपली बघा हो!" टॉवेलवाले काका ओरडले.

संध्याकाळी बाबांनी माझी मोडकी काडी सुतळीनं बांधली. उद्या पुन्हा सूप येणार आहे, आणि मला आत्तापासूनच धीर धरवत नाही!

मित्रांनो, दारात नवं काही आलं तर खुशाल शंका घ्या. पण दार लावून बसू नका. शंका मनात असू द्या आणि हातात टोपली धरा. खिळ्यावरची जुनी असली तरी चालेल. फक्त तेवढं जाळं झटका.