डोकं दुसऱ्याच्या हातात

दवाखान्याच्या बाकावर उस्तादांनी दुसरा बूट काढला आणि लगेच पुन्हा पायात घातला.

"राहू दे. आपण घरी जाऊ."

"गुपचूप बसा," बायको म्हणाली. "नऊ दिवस सलून बंद आहे. अजून किती दिवस ठेवायचंय?"

उस्तादांची मान डावीकडे वळायचीच बंद झाली होती. डावीकडून कुणी हाक मारली की कपाट फिरवावं तसं सगळं अंग फिरवायला लागायचं. आता केस कापणाऱ्या माणसाची मान वळेना म्हटल्यावर त्याने करायचं काय? एका गिऱ्हाइकाचा कल्ला बोटभर वर गेला, तेव्हा चाळीस वर्षांत पहिल्यांदा उस्तादांनी माफी मागितली आणि शटर ओढलं. गोळ्या झाल्या, शेक झाला, "बाबा, आता पुरे करा" असं मुलाने फोनवर सांगूनही झालं. शेवटी बायकोने या डॉक्टरीणबाईंचा पत्ता काढला. त्या कायरोप्रॅक्टर होत्या, म्हणजे मणके आणि सांधे हातानेच मोकळे करायच्या. हाताने, हे ऐकल्यापासून उस्तादांची पाचावर धारण बसली होती.

बाई मुलीच्या वयाच्या निघाल्या. त्यांनी आधी ढीगभर प्रश्न विचारले, मान हळूहळू फिरवून पाहिली आणि मग टेबलावर उपडं झोपायला सांगितलं. टेबलाला तोंडासाठी भोक होतं. त्यातून फक्त फरशी आणि बाईंच्या चपला दिसत होत्या.

"काय मोडणार आहात?" उस्तादांनी चपलांना विचारलं.

"काही नाही. टक् असा आवाज येईल कदाचित. दुखलं तर थांबा म्हणा, मी थांबेन."

"आणि आवाज नाही आला तर?"

"तर नाही आला. आवाजासाठी थोडंच करतोय आपण? श्वास सोडा."

उस्तादांनी तो धरून ठेवला. बाईंनीही वाट पाहिली. कधीतरी सोडावाच लागला, आणि त्याच क्षणी खांद्यांच्या मधे दोन तळहात दाबले गेले. टक्. आवाज आला, मागून भीती आली, दुखणं काही आलं नाही. उस्ताद त्याची वाट बघत तसेच पडून राहिले.

मग उताणं होऊन मानेची पाळी. बाईंनी डोक्याखाली दोन्ही हात घातले.

"डोकं माझ्या हातात सोडा."

"सोडलंय."

बाईंनी हात काढून घेतले. डोकं तसंच अधांतरी राहिलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बायको फिसकन हसली. उस्तादांना लाज वाटली, कारण मान सैल सोडा असं ते स्वतः रोज दहा जणांना सांगायचे आणि दहाही जण असंच खोटं बोलायचे.

"तुमचे केस कोण कापतं हो?" बाईंनी विचारलं.

"मीच. दोन आरसे लावून."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. दुसऱ्याच्या हाताचा काय भरवसा?"

"कसे कापता, दाखवा बघू."

उस्ताद उठून बसले. आरसा धरल्यासारखा एक हात वर केला, दुसरा मानेमागे नेला आणि सवयीने मान डावीकडे पिळायला गेले.

"आई गं."

बायकोने कपाळाला हात लावला. बाईंनी हसू कसंबसं आवरलं.

"हे महिन्यातून एकदा?"

"दर पंधरा दिवसांनी."

"मान मी मोकळी करते, उस्ताद. पण हे बंद. यापुढे तुमचे केस दुसऱ्या कुणीतरी कापायचे. नाहीतर सलून परत बंद होईल, सांगून ठेवते."

उस्ताद पुन्हा आडवे झाले. हजारो डोकी त्यांनी हातात धरली होती, जड, हलकी, पेंगुळलेली. त्यांचं स्वतःचं डोकं मात्र आई गेल्यानंतर कुणी असं धरलं नव्हतं. बाईंना कसली घाई नव्हती. त्यांचे हात उबदार होते. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता, आणि कधी कोण जाणे, मान सुटली. बाईंनी ती जराशी वळवली, एक बारीकसा हिसका दिला. टक्. खांद्यापर्यंत गरम पाणी उतरावं तसं झालं आणि उस्तादांना हसू फुटलं. खूप बरं वाटत होतं, दुसरं काही कारण नव्हतं.

"हसू नका, हलताय."

"थांबतच नाहीये हो," उस्ताद म्हणाले, आणि बायकोही हसायला लागली.

संध्याकाळी त्यांनी सलून उघडलं, पण गिऱ्हाइकासारखे स्वतःच खुर्चीत बसले. गळ्याभोवती कापड बांधून घेतलं आणि कात्री बायकोपुढे धरली.

"अहो, मला कुठे येतं?"

"तीस वर्षं बघतेयस की."

"वाकडे झाले तर?"

"होतील."

तिने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. आधी कंगवा घे, असं सांगायला उस्तादांनी तोंड उघडलं होतं. ते मिटलं आणि डोळेही मिटून घेतले.

सकाळी पहिला आला तो शेजारचा शिंपी. खुर्चीत बसून त्याने समोरच्या आरशात उस्तादांचा माथा पाहिला आणि बघतच राहिला.

"उस्ताद, हे काय? उंदरांनी कुरतडलं का?"

"बायकोने कापले."

"मग आम्हीही आता वहिनींकडेच येतो," शिंपी म्हणाला.

उस्तादांनी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून सरळ केलं.

"जमणार नाही," ते म्हणाले. "ती फक्त माझे कापते."