पुण्यवान चप्पल

महाल भागातल्या एका कडुनिंबाखाली तिन्हीसांजेला मुंगीलाही शिरायला जागा नसायची. प्रकाशबाबांनी तिथे कलश मांडला होता, आणि दिवस मावळला की फांदीवरचा बल्ब आपसूक पेटायचा. ना बटण, ना कुणाचा हात. "अंधेरा अपनी मुट्ठी में है, बच्चा," असं बाबा म्हणाले की निवृत्त तहसीलदार मधुकररावही लोटांगण घालायचे.

त्या संध्याकाळी सासूला घेऊन आलेल्या, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या हर्षाला हसू आवरत नव्हतं. तिची सासू यमुताई, जन्म हातमागावर गेलेला, डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, सोमवारी ऑपरेशन. नीट दिसेना म्हणून बाईने आरतीचं ताट थेट कलशालाच भिडवलं. बल्ब विझला. ती मागे सरली, पेटला. पुन्हा ओवाळायला गेली, पुन्हा विझला!

बाईच्या नजरेत पाप आहे, बाबांनी निकाल दिला. ऑपरेशन केलं तर कायमची आंधळी होईल, त्यापेक्षा डोळ्यांत आमचा अंगारा भरा. बिचारी यमुताई रडायलाच लागली.

"काहून करू वं ऑपरेशन? देवच रुसला माह्यावर."

आता मात्र हर्षाचं हसू पळालं. राख, आणि डोळ्यांत? ती तरातरा पुढे गेली आणि मोबाइलची बॅटरी कलशावर धरली. बल्ब गेला.

"बाबा, माह्या मोबाइलनं कोणतं पाप केलं?"

बाबा कलियुगाबद्दल काहीतरी पुटपुटले. तोवर हर्षाने बाहेरच्या चपलांच्या ढिगातून सासूची चप्पल आणून बॅटरीच्या आड धरली. बल्ब लख्ख पेटला. चप्पल काढली, विझला. धरली, पेटला. मधुकररावांनी नकळत चपलेला हात जोडले.

मग तिने कलशाच्या गळ्यातले हार बाजूला केले. आत डाळीएवढा सेन्सर होता, त्याच्या वायरी खोडामागून वर गेलेल्या. उजेड पडला की यातून वीज सहज वाहते, अंधारात अडते. ती अडली की सर्किट दिवा लावतं, एवढीच सिद्धी.

"आई, आपल्या अंगणातला दिवा असाच लागते. शाळेतल्या पोरांसोबत मीच जोडला. तुमच्या आरतीचा उजेड याच्यावर पडला आन याले वाटलं, सकाळ झाली. त्यात पाप कुठून आलं?"

यमुताईने पदराने डोळे पुसले. बाबा एव्हाना लघुशंकेचं निमित्त करून सटकले होते, स्वतःच्या चपला तिथेच टाकून.

सोमवारी ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा यमुताईने आधी सुनेचं तोंड डोळे भरून पाहिलं. आता शेजारणी कुठल्या नव्या बाबाचं कौतुक घेऊन आल्या की ती सांगते, "हात जोडाचे तं जोडा, पण डोळे उघडे ठेवा. आन दिसत नसन तं डॉक्टरकडे जा."